बिनरांगेचा गुरुवार

कापूरहोळ,
सोमवार, २१ जून २००४

आदरणीय अजीजुन्निसा आपांना धाकट्या झुल्फिकारचा सलाम.

एक मिनिट चाळीस सेकंद. आपा, आधी हा हिशेब ऐका, मग खुशाली. आपल्या अम्रीनला एक मिनिट चाळीस सेकंद एका गाडीत बसवायला मला चार वर्षं, फुकट गेलेल्या तीन फेऱ्या, सहा माणसांचा एक अख्खा दिवस आणि कापूरहोळच्या चौकातली माझी निम्मी इज्जत एवढा खर्च आला. तिकिटाचे पैसे यात धरलेले नाहीत. त्या मानानं तिकीट स्वस्तच पडलं.

आता खुशाली. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? भाईजानचा खोकला तंबाखूमुळं आहे की साताऱ्याच्या हवेमुळं, याचा निकाल लागला का? (दर वेळी ते हवेला दोष देतात आणि हवा बिचारी काही बोलू शकत नाही.) अम्रीनच्या अम्मीनं कैरीच्या लोणच्याची एक बरणी तुमच्यासाठी काढून ठेवली आहे. एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवणार होतो, पण गेल्या वर्षीची बरणी तुमच्यापर्यंत अर्धीच पोचली आणि कंडक्टर म्हणाला की रस्त्यात खड्डे फार आहेत. खड्ड्यानं लोणचं सांडतं हे मी समजू शकतो, पण झाकण घट्ट असताना सांडतं, हे मात्र या कंडक्टरकडून नव्यानं शिकलो. तेव्हा या खेपेला बरणी कुणाच्या तरी हातूनच येईल.

अम्रीन बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, हे फोनवर कळवलंच आहे. आता डी.एड. करून मास्तरीण होणार म्हणते. साताऱ्याला प्रवेश मिळाला तर तुमच्याकडे राहील आणि पुढं नोकरी लागली की ती कुठं आणि आपण कुठं. म्हणून तिच्या अम्मीनं मला बजावलं होतं, पोरगी घरातून जायच्या आत तुम्ही दिलेला शब्द पुरा करा, नाहीतर मला तोंड दाखवू नका. तोंड न दाखवता दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत कसं राहायचं, हे मला सुचेना. म्हणून परवाच्या गुरुवारी निघालो.

शब्द असा होता. अम्रीन आठवी पास झाली तेव्हा पेपरात मौजनगरीची जाहिरात आली होती. मौजनगरी म्हणजे खोपोलीच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी बांधलेली पाळण्यांची आणि घसरगुंड्यांची मोठी बाग. तिथं रुळावरून पळणारी एक गाडी आहे, रोलर कोस्टर म्हणतात. ती डोंगरासारखी चढते, विहिरीत पडल्यासारखी उतरते आणि मध्ये एकदा माणसं खाली डोकं वर पाय होतात. पोरीनं ती जाहिरात कापून भिंतीला चिकटवली. मी म्हणालो, नेतो. पण त्या जाहिरातीचं चित्र मी नीट पाहिलं होतं. गाडीच्या खाली लोखंडी दांड्यांच्या मधून माणसांची जी रांग लावली होती, ती मी मोजली. दीडशे डोकी होती, आणि चित्राच्या कडेपाशी रांग संपत नव्हती, चित्र संपत होतं.

आणि आपा, तुम्हाला ठाऊकच आहे, झुल्फिकार हा रांगेत उभा राहणारा माणूस नाही. आयुष्यात नाही. लाइट बिल मी दुपारी पावणेतीनला भरतो, तेव्हा खिडकीवरचा माणूस जेवून आलेला असतो आणि बिल भरणारे जेवून झोपलेले असतात. डॉक्टरकडे मी भारत-पाकिस्तानची मॅच असेल त्या दिवशी जातो (आजार तेवढे दिवस थांबतो, त्यालाही आता सवय झाली आहे). सव्वीस वर्षांपूर्वी या चौकात मी वडापच्या पॅसेंजर जीपसाठी ‘भोर, भोर, भोर’ ओरडायला फेरीमागे आठ आण्यांवर उभा राहिलो, आणि आज स्वतःच्या दोन जीपा आणि स्पेअर पार्टचं दुकान आहे, ते गर्दी ओळखता येते म्हणून. गर्दी मला कानानं कळते. दुकानात पाठमोरा बसलेलो असलो तरी साताऱ्याकडून येणारी एस.टी. भरलेली आहे की रिकामी, मी सांगतो. भरलेली गाडी गतिरोधकावर बसक्या आवाजात बोलते, रिकामी खणखणते. अशा माणसानं दीडशे लोकांच्या मागं उन्हात उभं राहायचं? मी ठरवलं, रांग नसेल असा दिवस काढायचा आणि त्या दिवशी जायचं. मुहूर्त काढणारे लोक पुष्कळ आहेत. मी गर्दीचा मुहूर्त काढणारा.

पहिला मुहूर्त डिसेंबरातला बुधवार. ना सुट्टी, ना सण. कात्रजच्या बोगद्यापाशी चहाला थांबलो तर मागून एस.टी. गाड्या ओळीनं आल्या. बसक्या आवाजाच्या. आतून गाणी. अकरा मोजल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की डिसेंबर म्हणजे शाळांच्या सहली. चहा अर्धा टाकून जीप वळवली आणि पोरीला नसरापुरात मिसळ खाऊ घातली.  दुसरा मुहूर्त दहावीनंतरच्या जुलैतला सोमवार. या खेपेला थेट दारापर्यंत पोचलो आणि खरोखरच एकही माणूस नव्हता. दारावर पाटी होती की दर सोमवारी देखभालीसाठी बंद. तिसऱ्या वेळी आम्ही लोणावळा सोडतोय तेवढ्यात पुढं घाटात ट्रक आडवा झाल्याची बातमी आली. गाड्यांची रांग तीन किलोमीटर म्हणे. मी म्हणालो, रांग ती रांगच, माणसांची काय नि गाड्यांची काय. चिक्की घेऊन परतलो. चौकात लोक विचारायला लागले, काय झुल्फीशेठ, मौजनगरी काय म्हणते? मी चिक्की वाटायचो.

मध्यंतरी भोंगवलीच्या धनाजीला मी हेर नेमलं होतं. धनाजी माझा जुना जोडीदार, पूर्वी माझी जीप चालवायचा, आता स्वतःच्या टेम्पोनं वाशीच्या मार्केटला भाजी नेतो. येता-जाता मौजनगरीबाहेर किती गाड्या लागल्यात तेवढं बघून सांग, म्हणालो. आठ महिने तो दर खेपेला सांगत होता, ‘‘शेठ, लई गर्दी. पाय ठिवायला जागा न्हाई.’’ नंतर कळलं की त्या टप्प्यात तो क्लीनरच्या हाती टेम्पो देऊन झोपायचा आणि मला वाईट वाटू नये म्हणून गर्दी सांगायचा. (मला वाईट का वाटणार होतं, हे मी त्याला विचारलं. म्हणाला, ‘‘मोकळं हाय म्हनलं आसतं तर तुमी लगीच निगाला आसता, आन् तितं गर्दी निगाली आसती तर बोल मला.’’ माणूस हुशार आहे. भाजीत फुकट घालवतोय.)

तर यंदाचा मुहूर्त. जूनचा तिसरा आठवडा, शाळा त्याच आठवड्यात भरलेल्या, आईबाप वह्या-पुस्तकांच्या दुकानात अडकलेले, गुरुवार आणि वर अमावस्या. आपा, आपल्याला अमावस्येचं काही नाही. पण चौकात सव्वीस वर्षं काढल्यावर पंचांग मला भटजीइतकं कळतं. अमावस्येला नवी गाडी कुणी घेत नाही, लग्नाचं वऱ्हाड निघत नाही, लांबचा प्रवास लोक एक दिवस पुढं ढकलतात आणि माझ्या जीपा निम्म्या रिकाम्या पळतात. मी धनाजीला म्हणालो, जीप तू चालव, तुझ्या प्रेरणालाही घेऊ, दोघी पोरी पहिलीपासून एका बाकावरच्या. तो म्हणाला, ‘‘आवसंला कोन घराभायेर पडतं व्हय शेठ?’’ मी म्हणालो, तेच तर.

पहाटे भोंगवलीत जीप उभी केली तर धनाजी आणि प्रेरणाच्या मागोमाग अंबूबाई बाहेर आल्या. अंबूबाई म्हणजे धनाजीची आई, बहात्तर वर्षांची. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात भाकरीचं गाठोडं. अवसेला लेकाला एकटं लांब पाठवायचं नाही म्हणून सोबत निघाल्या होत्या. मी म्हणालो, मावशी, तिथं पाळणे आहेत, तुम्हाला काय करायचंय? म्हणाल्या, ‘‘मी कुटं बसतीया पाळन्यात? मी फकस्त नजर ठिवनार.’’ जीपमध्ये जागा होती. झालो सहा : मी, अम्रीन, तिची अम्मी, धनाजी, प्रेरणा आणि नजर ठेवायला अंबूबाई.

साडेनऊला पोचलो. आपा, मैदानात दोन गाड्या आणि एक पाण्याचा टँकर. बस! शंभर एस.टी. मावतील एवढ्या मैदानात माझी जीप कुठं लावायची हेच कळेना, इतकी जागा. तिकिटाच्या खिडकीतला माणूस आम्हाला बघून उठून उभा राहिला. मी मागं वळून सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघून घेतलं. धनाजी हळूच म्हणाला, ‘‘शेठ, मानलं.’’ चार वर्षांत एवढंच ऐकायचं राहिलं होतं.

आत मोठा पाळणा फिरला, होडी झुलली, पाण्याची घसरगुंडी झाली, सगळीकडे आमचं आम्हीच. मग गेलो त्या रुळावरच्या गाडीपाशी. रांगेसाठी केलेल्या लोखंडी दांड्यांच्या गल्ल्या नागमोडी गेलेल्या आणि त्यात एक कुत्रं झोपलेलं. आम्ही त्याला ओलांडून फलाटावर पोचलो. तिथला पोरगेला ऑपरेटर स्टुलावर बसून पेपर वाचत होता. त्यानं आम्हाला मोजलं आणि विचारलं, ‘‘मागं कुणी आहे का?’’ मी अभिमानानं सांगितलं, कुणी नाही. ‘‘मग बसा,’’ तो म्हणाला आणि फलाटावरचा बाक दाखवला. गाडीला बारा सीट. वजन सारखं लागतं म्हणून बारा माणसं झाल्याशिवाय सोडायची नाही, असा नियम.

आपा, मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. सव्वीस वर्षं मी हेच बोलत आलोय! भरल्याशिवाय सुटत नाही, बसा. किती लोकांना मी कापूरहोळच्या उन्हात असं बसवलं असेल! त्यातला एकजण तरी त्या दिवशी मला शिव्या घालायला तिथं हवा होता. तो आला असता तर निदान सात तरी झालो असतो.

अकराचे बारा झाले, बाराचा एक. जीपमध्ये जाऊन खिमा-चपाती आणि अंबूबाईंची भाकरी खाऊन आलो, तरी आम्ही सहाच. ऑपरेटर आणि वॉचमन लांब उभं राहून बोलत होते, पण माझे कान तुम्हाला माहीत आहेत. ऑपरेटर म्हणत होता, ‘‘आज बारा व्हायचे नाहीत. कालसुद्धा नवावर दिवस मावळला.’’ हे मी कुणाला सांगितलं नाही. अम्रीन बाकावर बसून त्या वर चढणाऱ्या रुळाकडे बघत होती. तिची अम्मी मात्र सगळ्यांना ऐकू जाईल अशी पुटपुटली, ‘‘चार वर्षं! एवढ्यात लोक हज करून येतात, आणि तिथं तर केवढी गर्दी असते.’’

तेव्हा मी बाह्या सरसावल्या. आपा, वडापचा एक जुना नियम आहे. रिकाम्या जीपमध्ये कुणी बसत नाही. दोन माणसं आत दिसली की तिसरा येतो. म्हणून सकाळी पहिल्या फेरीला आपलीच चार माणसं आत बसवायची, जीप भरत आलीय असं दाखवायचं, ‘दोनच सीट, दोनच सीट’ ओरडायचं आणि खरे पॅसेंजर आले की ‘आपली माणसं उठा’ म्हणायचं. मग आपली माणसं गुपचूप उतरून पुढच्या जीपमध्ये जाऊन बसतात. अम्रीन आणि प्रेरणा लहानपणी शाळा सुटल्यावर चौकात याच कामाला असायच्या. एका फेरीला एक लिमलेटची गोळी. (तुम्ही रागवाल म्हणून हे आजवर कळवलं नव्हतं.) मी ऑपरेटरला म्हणालो, आमचे सहा आधी आत बसू देत, बाकीचे सहा मी आणतो. त्यालाही कंटाळा आला होता, बसा म्हणाला. अंबूबाईंना म्हणालो, मावशी, नुसतं दाखवायला बसा, सुटायच्या आत उतरवतो. त्या म्हणाल्या, ‘‘बसती. पर चप्पल काडनार न्हाई.’’

आणि मी फलाटाच्या टोकाला उभं राहून आवाज लावला. सव्वीस वर्षांचा गळा. ‘‘चला उलटंपालटं, उलटंपालटं! लगेच सुटणार! दोनच सीट, दोनच सीट!’’ अम्रीननं ओढणीनं तोंड झाकून घेतलं. पण काय सांगू, त्या ओसाड बागेत कुठून कुठून माणसं निघाली! ठाण्याकडच्या कुठल्याशा कंपनीची चार पोरं, ट्रेनिंगला दांडी मारून झाडाखाली बसलेली, पळत आली. दहा झाले. मी पुन्हा, ‘‘दोनच सीट!’’ (आयुष्यात पहिल्यांदा ही आरोळी खरी होती, त्यामुळं माझाच आवाज मला वेगळा वाटला.) सवयीनं मी स्वतः जाऊन पहिल्या बाकावर बसलो, कारण ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी दिसली तर लोक येत नाहीत. तेवढ्यात आइस्क्रीमच्या गाडीकडून एक कुटुंब धावत आलं. नवरा, बायको, दोन मुलं. चौघं. जागा दोन.

आता आपा, खरं सांगतो, मी विचार केला नाही. तोंडातून आपोआप निघालं, ‘‘आपली माणसं उठा!’’

आणि अम्रीन आणि प्रेरणा टुणकन उठल्या. वयाच्या सहाव्या वर्षापासून त्या या हाळीला उठत आल्यात. डाव्या बाजूनं उतरल्या, कुणाला कळू न देता, अगदी शिकवल्याप्रमाणं. चौघांचं कुटुंब बसलं. अंबूबाई उठायच्या बेतात होत्या, पण त्यांनी आधी लेकाचा सदरा धरला, त्यामुळं धनाजीही अडकला. अम्रीनची अम्मी म्हणतच होती, ‘‘अहो, अहो, पोरगी...’’ आणि वरून सगळ्यांच्या मांडीवर लोखंडी दांडा खाली आला. खट्. मी दांडा वर ढकलायला गेलो तर तो फेरी संपल्यावरच उघडतो. जीपचं दार कसं, हवं तेव्हा उघडता येतं. हा फरक माझ्या ध्यानात राहिला नव्हता.

गाडी सुटली. भरलेली होती, बसक्या आवाजात सुटली. फलाटावर अम्रीन आणि प्रेरणा हात हलवत उभ्या.

वरंधा घाटात धुक्यात जीप चालवलेला माणूस मी. एक मिनिट चाळीस सेकंद शांतपणे बसून होतो. वरून डोंगर छान दिसतो. नदीचं पात्र, पलीकडचा महामार्ग, सगळं आरामात पाहून घेतलं. मागून कुणीतरी ‘‘आई गं’’ करत होतं, तो धनाजी असावा. त्याची आई त्याच्या शेजारीच होती.

खाली आलो तर अम्रीन फलाटावर बसकण मारून हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. मला आधी वाटलं, रडतेय.  तिच्या अम्मीनं उतरल्यावर पदर सारखा केला, माझ्याकडे पाहिलं आणि नुसतं एवढंच विचारलं, ‘‘आता पॅसेंजर पोचले?’’ अंबूबाईंनी डोक्यावरचा पदर पुन्हा घेतला आणि म्हणाल्या, ‘‘धना, परत बसायचं. तुजा बा आसता तर त्यालाबी बसीवला आसता. लई जीव खायाचा माजा, जरा कळलं आसतं.’’

मी ऑपरेटरला म्हणालो, लगेच दुसरी फेरी सोड, पोरी राहिल्या. तो म्हणाला, बारा करा. कंपनीच्या पोरांपैकी दोघांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं, ती झाडाखाली परत गेली ती उठलीच नाहीत. कुटुंबाची परतीची एस.टी. चारची होती, ते निघून गेले. मी पुन्हा आवाज लावला. दोनच सीट, म्हणालो. कुत्रं उठून आलं, बाकी कुणी नाही. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. सहाला बंद.

मग आम्ही बसलो. बाकीचे चहाला गेले, मी आणि अम्रीन त्या रांगेच्या दांड्यावर, गल्लीच्या अगदी सुरुवातीला. पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही. मी म्हणालो, अम्रीन, चुकलं. ती म्हणाली, ‘‘असू द्या अब्बा. तुम्हाला माहितेय, नववीत आमची सहल इथंच आली होती?’’ मला माहीत होतं. मीच पाठवलं नव्हतं. म्हणालो होतो, सहलीत धक्काबुक्की असते, आपण आपले मोकळ्या दिवशी जाऊ. ती म्हणाली, ‘‘त्या दिवशी या गाडीला दीड तास रांग होती. मुलींनी इथं, याच दांड्यांत, भेंड्या खेळल्या, बाईंनी चिवडा वाटला, प्रेरणाची चप्पल तुटली. दहावी संपेपर्यंत वर्गात त्या रांगेच्याच गोष्टी चालायच्या. गाडीत काय झालं ते कुणीच सांगत नव्हतं. गाडीत सगळ्यांनी डोळे मिटलेले.’’ तक्रार म्हणून बोलली नाही, आपा. सहज सांगितलं. माझे कान एवढे तिखट, पण ही गोष्ट माझ्या घरात तीन वर्षं होती आणि मला ऐकू आली नव्हती.

मी म्हणालो, मग आता आपण रांगेत आहोत असं समज. ती सरकून बसली. आणि आपा, त्या दोघांच्या रांगेत आम्ही जेवढं बोललो तेवढं आठवीपासून बोललो नव्हतो. मास्तरीण होऊन कुठं जाणार, विचारलं. म्हणाली, वेल्ह्याच्या डोंगरात एखाद्या वाडीवरची शाळा मिळाली तरी जाईन. मी म्हणालो, तिकडे आपली जीप चालू करतो, रोज सोडेल. म्हणाली, ‘‘नको. तुमची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, पोरं दुपारपर्यंत वाट बघतील.’’ मी म्हणालो, एकट्या मास्तरणीसाठी सोडीन. ती म्हणाली, ‘‘आणि पॅसेंजर आला की उठवाल.’’ तिला मी खळखळून हसू दिलं. हक्क होता तिचा.

साडेपाच झाले. मी घड्याळ झाकून घेतलं होतं. तेवढ्यात दाराच्या बाजूनं आवाज आला. डिझेलची मोठी बस, दारातल्या गतिरोधकावर चढताना बसक्या आवाजात बोलली. मी दांड्यावरून उतरलो. अम्रीन म्हणाली, ‘‘काय झालं?’’ मी म्हणालो, भरलेली आहे. कमीत कमी चाळीस. आणि पाचच मिनिटांत त्या गल्ल्यांतून बायका यायला लागल्या. अलिबागकडचा बचत गट, पुण्याहून परत निघालेला, जाता जाता डोकावला होता. (कोकणातल्या त्या बायकांना अमावस्या आहे हे बसमध्ये बसल्यावर कळलं. मग म्हणाल्या, आता निघालोच आहोत तर.) बघता बघता आमच्या मागं रांग लागली, वळणावळणाची, जाहिरातीतल्यासारखी. आणि तिच्या तोंडाशी पहिल्या नंबरला अम्रीन, दुसरी चहावरून परतलेली प्रेरणा आणि तिसऱ्या नंबरला, सगळ्यांना कोपरानं सारत, अंबूबाई.

गाडी सुटली. मी खाली उभा राहून घड्याळ लावलं. बारा जणींच्या किंकाळीतून अम्रीनचा आवाज मी निवडला. एक मिनिट चाळीस सेकंद. पुरेपूर.

परतीच्या वाटेवर सगळे झोपले, धनाजी सोडून (म्हणजे त्यानं तसं शपथेवर सांगितलं आहे). घरी सगळं ठीक. भाईजानना सलाम, तुमच्या सरफराजला दुवा. तुम्ही गुडघ्याला तेल लावत जा आणि लावत नसाल तर निदान लावते म्हणून कळवा.

तुमचा धाकटा,
झुल्फिकार

ता. क. : पत्र बंद करताना कळलं की मौजनगरीत उतारावर एक कॅमेरा बसवलेला आहे आणि गाडीतल्या प्रत्येक बाकाचा फोटो निघतो. पहिल्या फेरीचा फोटो अम्रीननं दारावर पैसे देऊन घेतला आणि तुम्हाला परस्पर टाकलासुद्धा. तो आला तर माझं ‘शांतपणे बसून होतो’ हे वाक्य खोडून टाकावं. पहिल्या बाकावर डोळे मिटून, दांड्याला दोन्ही हातांनी मिठी मारून, आ वासून जो बसलाय तो मी. मागचा धनाजी हसतोय.

आणखी एक ता. क. : खरं काम आता लिहितो. डी.एड.चे फॉर्म साताऱ्याला येत्या सोमवारपासून, २८ तारखेपासून मिळणार. सहा दिवस खिडकी चालू आहे. माझा बेत होता शेवटच्या दिवशी दुपारी सव्वातीनला जायचा, तेव्हा चिटपाखरू नसतं. अम्रीन म्हणाली, ‘‘अब्बा, पाया पडते. पहिल्या दिवशी, पहाटे पाचला.’’ तेव्हा रविवारी रात्री आम्ही दोघं तुमच्याकडे मुक्कामाला येत आहोत, बरणीसह. भाईजानना सांगा, ओळखीच्या क्लार्ककडून आधीच फॉर्म आणून ठेवू नका, तिला चालणार नाही. आणि आपा, गुडघा परवानगी देत असेल तर पहाटे तासभर तुम्ही आमच्याबरोबर चला. मागच्या माणसाला सांगून चहाला जाता येतं का, खाली पिशवी ठेवून बसलं तर नंबर धरतात का, पुढचा माणूस मध्येच आपला पाहुणा घुसवू लागला तर काय म्हणायचं, यातलं मला काही म्हणजे काही येत नाही. चौकात मी लोकांना ऐटीत सांगतो की झुल्फिकार कधी रांगेत उभा राहिला नाही, ते खरंच आहे. लहानपणी भोरला रेशनच्या रांगेत आपल्या घराचा रॉकेलचा डबा घेऊन दर वेळी तुम्हीच उभ्या असायच्या.